अर्धं पाऊल मागे

रद्दीवाला खाली ओरडत होता म्हणून घाईघाईनं पेपर बांधत होतो, तर तीन निरनिराळ्या वर्षांच्या तीन पेपरांत एकच कान दिसला. एकीकडे साहेब पाण्याच्या टाकीची फीत कापताहेत, दुसरीकडे कापूस खरेदीचा काटा पूजताहेत, तिसरीकडे पहिलवानाला गदा देताहेत. तिन्ही फोटोंत साहेबांच्या उजव्या खांद्यामागे एक कान, पाव चष्मा आणि निम्मी मिशी. बायको म्हणाली, "अगंबाई, मानदराव!" नुसत्या कानावरून ओळखू येणारा अमरावतीतला हा एकमेव गृहस्थ असावा.

मानदराव हे काही खरं नाव नव्हे. कार्डावर नावाखाली पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत ‘मानद’, म्हणून मानदराव. मानद सल्लागार, मानद संघटक, मानद आणखी काय काय. सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत ‘मा. साहेबांचे विशेष सहायक (मानद)’. यात पगार नाही हे गावाला ठाऊक आहे. काम काय, ते मानदरावांनाही ठाऊक नसावं. ते फक्त उभे राहतात. उजवीकडे, अर्धं पाऊल मागे. सवय इतकी जडलेली की बँकेच्या रांगेतही माझ्यामागे सरळ उभे राहत नाहीत, तिरके उभे राहतात. कानामागे त्यांचा तंबाखूचा श्वास लागला की मला उगीचच भाषण करावंसं वाटतं.

एकदा साहेब मुंबईहून रेल्वेनं अकोल्याला येणार होते. मानदराव हार घेऊन फलाटावर. साहेब आयत्या वेळी मोटारीनं निघालेले, ते यांना कोणी कळवलं नाही. डब्याच्या दारात पांढऱ्या सफारीतला एक जाडजूड माणूस पाय मोकळे करायला उभा होता. बँडवाल्यांना पांढरी सफारी पुरेशी होती. हार पडला, माणूस खाली ओढला गेला आणि मानदराव पाठमोऱ्या सफारीच्या उजव्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले. ते बियाण्यांचे एजंट निघाले. जायचं होतं मूर्तिजापूरला, गाडी सुटली. पण फोटो आहे. त्यातही कान आहे.

बिनकामाच्या किताबांची ही हौस म्हणजे वऱ्हाडच्या पाण्याचाच गुण असेल. १९०२ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाखांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं, आणि १९३६ च्या करारात मान म्हणून तेव्हाच्या निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ केलं. कारभार नागपुरातून. आमच्या या राजपुत्राला वऱ्हाडातल्या एका पटवाऱ्याची बदली करता आली नसती. याच अमरावतीत मुधोळकर रावबहादूर झाले, मोरोपंत जोशी ‘सर’ झाले. आणि दादासाहेब खापर्ड्यांना तर लोकांनीच ‘वऱ्हाडचे नवाब’ करून टाकलं. हे सांगितल्यावर मानदराव उसळून म्हणाले, "पाहा! त्याईच्यापाशी तरी कुठं सनद होती? मंग माह्या कार्डालेच कायले हासता राजेहो?"

त्यांची जिरवावी म्हणून मी रशियाच्या झारची गोष्ट काढली. म्हटलं, त्याच्याही तैनातीत तुमच्यासारखेच लोक होते. कोणी ॲडज्युटंट जनरल, कोणी फ्लिगेल ॲडज्युटंट. खांद्यावर झारच्या नावाची अक्षरं, छातीवर लोंबता गोफ, आणि पुष्कळांना काम म्हणाल तर दरबारात शोभण्याचं.

"गोफ कोन्त्या खांद्यावर?"

"उजव्या."

मानदरावांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला पुढचं सांगणंच भाग पडलं. १९१७ च्या मार्चमध्ये झारला गादी सोडा म्हणून तारा करणाऱ्या सेनापतींत असे किताबवाले होतेच. झारला कैदी करून त्सारस्कोये सेलोच्या स्टेशनावर आणलं, तेव्हा गाडीतून उतरलेली तैनाती मंडळी इकडेतिकडे बघत पांगली. प्रिन्स दोल्गोरुकोव तेवढा सोबत गेला.

मानदरावांचा चहा कपातच राहिला. "टेसनावरूनच पयाले? सायबाले सोडून?"

मागच्या निवडणुकीत साहेब पडले. आठवडाभरात फाटकासमोरच्या गाड्या गेल्या, मग हार घेऊन येणारे गेले, मग फाटकावरची पाटीही गेली. मी भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला म्हणून संध्याकाळी डोकावलो. व्हरांड्यात साहेब एकटेच प्लास्टिकच्या खुर्चीत, आजूबाजूला चार खुर्च्या रिकाम्या. आणि उजव्या खांद्यामागे मानदराव. उभे.

"बसा ना हो," मी म्हटलं.

"नाई नाई, बरं हाये."

साहेबांनी पत्रिका घेतली आणि मागं न बघता उजवा हात तसाच मागं नेला. मानदरावांनी त्यात चष्म्याचं घर ठेवलं. दोघंही काही बोलले नाहीत.

निघताना मी मोबाइलवर एक फोटो काढला. नेमके त्याच वेळी साहेब चप्पल शोधायला खाली वाकले, त्यामुळे मानदरावांचा अख्खा चेहरा आला. मिशी दोन्ही बाजूंनी सारखी नाही, हे मला इतक्या वर्षांनी तेव्हा दिसलं.