क, म, ळ म्हणजे फूल

पहिलीतल्या मुलाला वाचता येते की नाही, हे पाहण्याची सर्वात जुनी पद्धत म्हणजे पुस्तक उघडून 'हं, वाच' म्हणणे. निकाल बहुधा उत्तम लागतो, कारण धडा पाठ असतो. पुस्तक उलटे धरले तरी वाचन अडत नाही. म्हणून अनोळखी मजकूर देऊन पायरीपायरीने पारख करतात. 2005 पासून होणाऱ्या 'असर' या शैक्षणिक पाहणीतही अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशाच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी अक्षरांची. घ आणि ध, भ आणि म ही जुळी भावंडे डोक्यावरच्या रेघेवरून ओळखायची. 'ख' सैल पडला की त्याचा 'रव' होतो आणि 'खा' म्हटल्यावर ताटात रवा येतो. 'जग' एका उच्चारात पाण्याचा, दुसऱ्या उच्चारात अख्खे विश्व. इथे चुकते ते मूल की लिपी, हे ठरवणारा रकाना तक्त्यात नसतो.

दुसरी पायरी शब्दांची. मूल बोट ठेवून म्हणते, 'क... म... ळ.' 'मग काय झालं?' 'फूल!' चूक म्हणावे, तर वर चित्र फुलाचेच आहे. इंग्लंडने या अंदाजाने वाचण्यावर तोडगा काढला. तिथे 2012 पासून पहिलीच्या मुलांना 40 शब्द वाचायला देतात आणि त्यांतले 20 निरर्थक असतात. प्रत्येक निरर्थक शब्दाशेजारी एखादा काल्पनिक प्राणी काढलेला असतो. तो शब्द म्हणजे त्याचे नाव, त्यामुळे त्याला हाक मारायची तर अक्षरेच जोडावी लागतात. मराठीत 'ठमळ' लिहूनही हेच साधते. फक्त 'ठमळ म्हणजे काय, बाई?' याचे उत्तर तयार ठेवावे लागते.

लेखनाची कसोटी श्रुतलेखनाची. बाई सांगतात, 'पीऽऽऽठ.' ई एवढी लांबते की दुसरी वेलांटी चुकणे अशक्य. पुढचा शब्द 'पिठात' मात्र झटकन उरकतात. काल पीठ शिकलेले मूल इमानाने 'पीठात' लिहिते आणि लाल खूण मिळवते. गुण मुलाला मिळतात, परीक्षा बाईंच्या दमाची होते.

शेवटी नोंदी. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाचा भार 70 टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, मूल्यमापनाचा 30 टक्के, आणि शिवाय वर्णनात्मक नोंदी. या नोंदींचीही एक बाराखडी आहे. 'अक्षर वळणदार काढण्याचा प्रयत्न करतो' म्हणजे वाचता येत नाही. 'वर्गात उत्साहाने बोलतो' म्हणजे गप्प बसत नाही. साठ मुलांच्या नोंदी एका रात्रीत उतरतात, कारण त्याही पाठ असतात. पालक त्या न वाचताच सही करतात. एवढ्या साखळीत अक्षरावर बोट ठेवून वाचणारे ते मूल एकच, आणि त्याच्याच नोंदीत 'वाचनाचा सराव आवश्यक' असे लिहिलेले असते.