सतरावा संस्कार

धर्मशास्त्रकारांनी गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत सोळाच संस्कार सांगितले असले, तरी महाराष्ट्रातील ज्या मध्यमवर्गीय घरात अपत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असते, तिथे 'जर्मनीत मास्टर्सची तयारी' हा सतरावा संस्कार आता रूढ झाला असून, तो होतो एकावर, पण सोवळे पाळावे लागते साऱ्या घराला.

त्याचे पहिले अंग म्हणजे गुणांतर. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम आणि ४.० ही काठावर पास होण्याची श्रेणी असल्याने, कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करून, बाकीला कमाल व उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागून, तिनाने गुणून त्यात एक मिळवणारे 'सुधारित बव्हेरियन सूत्र' लावले, की दहापैकी आठ सीजीपीए, उत्तीर्णतेची रेषा चारावर धरल्यास, थेट दोनावर येतो, आणि सगळ्या भावकीत आठाचा डंका पिटून बसलेल्या वडिलांना आजीच्या "एवढं शिकून दोनच?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच सूत्रात सापडत नाही.

दुसरे अंग वाङ्मयीन आहे. 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे शिकण्यामागचा हेतू सांगणारे निवेदन, यात उमेदवाराने बालपणी घरातला रेडिओ हटकून उघडलेला असतो. २००० नंतर जन्मलेल्यांच्या घरी इतके रेडिओ कुठून आले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. शिफारसपत्राबाबत "तूच लिहून आण, मी सही करतो" अशी गुरुपरंपरा असल्यामुळे उमेदवार तृतीयपुरुषी आत्मस्तुतीत पारंगत होतो, आणि तीत 'अत्यंत विनम्र' हेही स्वतःच लिहितो.

तिसरे अंग द्रव्याचे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, ही वार्ता पेढे वाटण्याजोगी वाटते, ती 'ब्लॉक्ड अकाउंट' समजेपर्यंतच. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दराने वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो व्हिसासाठी आधीच खात्यात ठेवायचे आणि तिथे पोचल्यावर आपलेच पैसे दरमहा ९९२ युरो याप्रमाणे मोजून घ्यायचे, अशी ही योजना आहे. कनवटीचे पैसे नातवाला मोजूनमापून देत आलेल्या आजीला संपूर्ण प्रक्रियेतील हा एकच नियम ऐकताक्षणी पटतो.

मास्टर्सचा अभ्यासक्रम साधारण चार सेमिस्टरचा, म्हणजे दोन वर्षांचा असतो. तयारीला किती वर्षे लागतील, ते मात्र कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.