वायफायच्या प्रतीक्षेत

सॉफ्टवेअर सुधारलं की आपलं काहीतरी बिघडतं, हा अनुभव आता कशेळ्यातही घरोघरी आहे. कुणाची रिंगटोन जाते, कुणाची अक्षरं बारीक होतात. माझे पॉडकास्ट उतरायचे थांबले. रात्री अपडेट झालं आणि सकाळी प्रत्येक भागाखाली करड्या अक्षरांत एकच ओळ : 'वायफायच्या प्रतीक्षेत'.

आता कशेळ्यात ही प्रतीक्षा कुणी आणि किती करायची? मुंबईकरांची फार्महाउस आहेत आजूबाजूला, त्यांच्याकडे असेल वायफाय. बाकी आम्ही रोजच्या दीड जीबीवर गुजराण करणारी माणसं.

'उतरवायचं कशाला? थेट ऐका की!' असं ठाण्यातला भाचा म्हणतो. त्याला म्हणायला काय जातं! इथे पावसाळ्यात वीज जाते, वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी मान टाकते, आणि मग रेंज शोधत मुरबाड रस्त्याने चालत सुटायचं. गंमत म्हणजे इथून जवळच, भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र आहे, 1922 पासूनचं. घाटावरून पडणाऱ्या पाण्याची वीज तेव्हापासून मुंबईला जाते आणि वळवाच्या पहिल्या सरीला आम्ही काडेपेटी शोधतो. म्हणून मे महिन्यात घरात तांदूळ, मसाला, सुकी मासळी अशी आगोटीची बेगमी होते, तेव्हा मीही माझी करून घेतो. 'अमुक तमुक', 'मित्रम्हणे', एखादी इतिहासाची मालिका. चार दिवस वीज नसली तरी कानांची उपासमार होत नाही.

हे काही माझं एकट्याचं खूळ नव्हे. 2004च्या सुमारास डेव्ह वायनर आणि अ‍ॅडम करी यांनी हा प्रकार रुळवला, तो याच हिशेबाने. तेव्हा इंटरनेट संथ आणि फाइल मोठी. मग यंत्राने मालकाला न विचारता भाग आधीच आणून ठेवावा, मालकाने सवडीने ऐकावा. प्रत्येक कार्यक्रमाची एक यादी कुठल्याशा सर्व्हरवर असते, तीत भागांच्या फाइलींचे पत्ते असतात. ॲप ती यादी अधूनमधून चाळतं आणि नवं दिसलं की उचलून आणतं. आजही कारभार हाच आहे. आता साठवलेलं सगळं ऐकलं जातंच असं नाही, हे कबूल. 2023मध्ये ॲपलने आयफोनच्या आयओएस 17मध्ये, ऐकणं सोडून दिलेल्यांसाठी आपोआप भाग उतरवणं आवरतं घेतलं, तर भल्याभल्या कार्यक्रमांचे आकडे घसरले. म्हणजे त्यांचे कित्येक श्रोते हे श्रोते नव्हतेच, नुसते फोन होते!

फोन बिघडला की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. बंद करून चालू करा. कॅश साफ करा. ॲप काढून परत टाका. हा तिसरा सल्ला देणाऱ्यापासून जपून राहावं, कारण ॲपसोबत बहुधा साठवलेलं सगळं जातं आणि सल्लागार तोवर चहा पिऊन गेलेला असतो.

मी एक युक्ती काढली. हिच्या फोनचा हॉटस्पॉट लावला. वायफाय पाहिजे ना बाबा तुला, हे घे वायफाय. फोन ढिम्म. मागाहून कळलं की अँड्रॉइडचा हॉटस्पॉट दुसऱ्या अँड्रॉइडला जोडतानाच कानात सांगतो, हे मोजून मिळणारं आहे, जरा बेताने. ही म्हणाली, "चला, घरात एकाला तरी डेटाची काळजी आहे."

शेवटी नाक्यावरच्या रिचार्जवाल्या पोराकडे गेलो. त्याने फोन हातात घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काय नाय काका, अपडेटनं सेटिंग परत पहिल्यासारखं केलंय." ॲपच्या पोटात, नेटवर्कच्या खाली, 'मोबाइल डेटावर डाउनलोड' अशी एक कळ होती, ती बंद पडली होती. त्याने ती सरकवली. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली ॲपला झोपवून ठेवलं होतं, तेही उठवलं. पैसे विचारले तर मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घराकडे निघालो तर खिशात फोन गरम! इतके दिवस तुंबलेले भाग एकदम उतरू लागले होते. 128 केबीपीएसचा तासाभराचा भाग म्हणजे 58 एमबीच्या आसपास. पंचवीसेक भागांत दीड जीबीचा फडशा. 'आपला 50 टक्के डेटा संपला आहे' हा मेसेज रस्त्यातच आला आणि उरलेल्या पन्नासाचा, चप्पल काढेपर्यंत.

एक जुना कार्यक्रम मात्र अजून उतरत नाही. त्याच्या फाइलींचे पत्ते 'एचटीटीपी'ने सुरू होतात, पुढचा सुरक्षिततेचा 'एस' नाही. 2018मध्ये आलेल्या अँड्रॉइड 9पासून, खास परवानगी घेतलेली नसेल तर नवी ॲप्स असल्या उघड्या पत्त्यांवर जातच नाहीत. धोरण रास्त आहे, वाटेत कुणी फाइल बदलू नये म्हणून. पण इलाज कार्यक्रमवाल्यांच्या हाती, माझ्या नाही. त्यांना मेल टाकली आहे : एक 'एस' वाढवा, उपकार होतील. उत्तर नाही. बहुधा त्यांच्याकडेही काहीतरी अपडेट होत असावं.