पाऊस पैठणला पडो!

17 ऑगस्टच्या सुमारास सूर्य मघा नक्षत्रात शिरतो आणि नाशिककर मोबाइलमध्ये. तिथून हस्ताचा पाऊस संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस उलटेपर्यंत, या गावात कांद्याचा भाव आणि मिसळीचा रस्सा हे विषय मागे पडतात. कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पळणारा माणूस थांबतो, आभाळाकडे बघतो, मग मोबाइलकडे बघतो, आणि आभाळ चुकतंय असा निकाल देऊन पुन्हा पळू लागतो.

छंद तसा वाईट नाही. रमीपेक्षा स्वस्त आहे आणि राजकारणापेक्षा यात भांडणं लवकर मिटतात. नियम एकच. अंदाज खरा ठरला तर तो आपला, खोटा ठरला तर तो वेधशाळेचा.

आमच्या कट्ट्यावर एक विंडीवाला आहे. आयटीत आहे, म्हणजे घरीच असतो. त्याच्या मोबाइलवर विंडी ॲपमध्ये अरबी समुद्र जांभळा-हिरवा होऊन गरागरा फिरत असतो. तो सोमवारी जाहीर करतो, ‘‘युरोपियन मॉडेल शुक्रवारी 80 मिलिमीटर दाखवतंय.’’ दुसरा लगेच म्हणतो, ‘‘अमेरिकन बघ. पाचसुद्धा नाही.’’ मग शुक्रवारपर्यंत नाटो फुटायची वेळ येते. शुक्रवारी बारा मिलिमीटर पडतो आणि दोन्ही बाजू विजयी मिरवणूक काढतात. मे 2025 मध्ये आपली स्वदेशी भारत फोरकास्ट सिस्टिमही आली. पुण्याच्या आयआयटीएमने ती बनवली आणि सहा किलोमीटरच्या चौकोनापुरता अंदाज ती देते. म्हणजे सीबीएसचा पाऊस वेगळा आणि नाशिकरोडचा वेगळा सांगता येणार. शास्त्रज्ञांनी यासाठी किती वर्षं खस्ता खाल्ल्या असतील! कट्ट्यावर ही बातमी वाचून दाखवल्यावर पहिला प्रश्न आला, ‘‘आमच्या सोसायटीपुरता कधी देणार?’’

याला उतारा म्हणून पंचांगवाले काका असतात. त्यांना पाऊस मिलिमीटरमध्ये कळत नाही, नक्षत्राच्या वाहनावरून कळतो.

‘‘यंदा मघाचं वाहन बेडूक आहे. धो धो.’’

‘‘काका, मॉडेलमध्ये बेडूक नसतो.’’

‘‘म्हणूनच चुकतं ते.’’

काकांचं एक मात्र मानावं लागेल, त्यांचे अंदाज आवाक्याने मोठे असतात. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी तिचं भाकीत सांगतात. त्यात पाऊस, पिकं यांच्या जोडीने देशाच्या राजाची गादी स्थिर राहील का हेही असतं. एवढी मजल अजून पुण्यातल्या शिवाजीनगरच्या वेधशाळेने मारलेली नाही. खेड्यापाड्यांत ज्यांचे अंदाज कान देऊन ऐकतात ते पंजाबराव डख 2024 मध्ये परभणीतून लोकसभेला उभे राहिले. मतांचा पाऊस दुसरीकडे पडला. पण निवडणूक हरल्यावरही लोक ज्याचं ऐकतात असा माणूस या राज्यात विरळाच, तेव्हा त्यांचं काही बिघडलं असं मला वाटत नाही.

खरी कला हवामान खात्याच्या भाषेत आहे. ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.’ तुरळक म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. हे वाक्य भिजलेल्यालाही पटतं आणि कोरड्या राहिलेल्यालाही. इतकं सर्वसमावेशक वाक्य राज्यघटनेनंतर कुणी लिहिलं नसेल. तरी सगळ्यांना ते पचत नाही. 2017 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजाबद्दल हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. पेरणी वाया गेलेल्या माणसाचा संताप समजतो. पण फौजदाराची काय पंचाईत झाली असेल ते बघा. आरोपी कुठल्या दिशेला पळाला हे सांगायलाही वेधशाळाच लागणार.

त्यात ‘सरासरी’ नावाचं एक प्रकरण आहे. जिल्ह्याचा पाऊस सरासरीच्या एकोणीस टक्के खाली गेला तरी नकाशावर तो ‘सरासरीइतका’ म्हणून हिरव्यात बसतो. वीस टक्के कमी झाला की लाल. त्या एका टक्क्यात काय घडतं हे फक्त रंगाच्या डबीला ठाऊक. नाशिक जिल्ह्याची सरासरी काढणं तर निव्वळ विनोद आहे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, सिन्नर-येवल्यात पाचशेच्या आसपास. सरासरी काढली की इगतपुरीचा पूर कागदावर येवल्याच्या विहिरीत ओतला जातो आणि जिल्हा सुखी होतो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 31 ऑक्टोबरला सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. तोवर तिथल्या लोकांना दुष्काळ आहे असा नुसता संशय होता.

शहरात मात्र संशयाला जागाच नसते. तासाभरात शंभर मिलिमीटर पडला तर ती ढगफुटी, अशी खात्याची व्याख्या आहे. आमची व्याख्या सुटसुटीत. कॉलेज रोडला दोन रिक्षा बंद पडल्या की ढगफुटी.

तरीही या मंडळींच्या मनात एक सल आहे. नाशिकला समुद्र नाही. मुंबईच्या हौशी हवामानतज्ज्ञाला दर वर्षी एखाद्या वादळाची आस तरी लावता येते. आपल्या आणि समुद्राच्या मधे सह्याद्री आडवा पडलेला. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि त्याचा मार्ग नाशिककडे वळलेला दिसला तेव्हा लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या या लोकांच्या आयुष्यात प्रथमच अर्थ आला. पुढे येता येता वादळाचा दम सुटला. झाडं पडली, पाऊस झाला, पण विंडीवाला अजून म्हणतो, ‘‘आय दिसला नाही यार.’’ कोकणात ज्यांच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या त्यांनी हे ऐकलं तर ते नाशिकपर्यंत चालत येतील.

जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात वादळ सहसा जमत नाही. खालचा वारा एका दिशेचा, वरचा दुसऱ्या दिशेचा. उभा राहू पाहणारा ढगांचा मनोरा मधेच कापला जातो. हे काकांनाही पटतं, कारण त्यांच्या सोसायटीची कमिटी याच कारणाने कधी उभी राहत नाही. पण 2024 च्या ऑगस्टअखेरीला कच्छजवळ ‘असना’ जमलं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये असं 1976 नंतर प्रथमच घडलं. तेव्हापासून कट्ट्यावर ‘ऑगस्टमध्ये होत नाही’ असं म्हणायची सोय उरली नाही. ते ओमानच्या दिशेने गेलं. 2025 च्या ऑक्टोबरात ‘शक्ती’ आलं, इशारे निघाले, तेही पश्चिमेला खोल समुद्रात निघून गेलं. दर सप्टेंबरात दहा दिवस पुढच्या नकाशावर एक लाल भोवरा दिसतो, त्याचा फोटो गावभर फिरतो, आणि पाचव्या दिवशी तो भोवरा मॉडेलमधूनच गायब होतो. फोटो मात्र दिवाळीपर्यंत फिरतो.

या सगळ्यात एक माणूस हौशी नाही. तो द्राक्षबागायतदार. त्याला वादळाचा डोळा बघायचा नाही, त्याला फक्त फवारणी घेऊ का नको एवढं सांगा. बागलाणात अर्ली द्राक्षांसाठी छाटणी जुलै-ऑगस्टपासूनच सुरू होते, निफाड-दिंडोरीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. छाटणीनंतर पोंगे फुटतात, घड दिसू लागतो आणि नेमका तेव्हा परतीचा पाऊस निघतो. पानावर ओल राहिली की डाऊनी, घडात पाणी साचलं की कूज. सकाळी मारलेलं औषध दुपारची सर धुऊन नेते, म्हणजे संध्याकाळी पुन्हा ट्रॅक्टर. 2009 च्या नोव्हेंबरातल्या ‘फयान’ वादळाचं नाव काढलं की तो अजून गप्प होतो. त्याने विंडीवाल्याला विचारलं, ‘‘औषध मारू का?’’ विंडीवाला म्हणाला, ‘‘नवा रन रात्री साडेअकराला येईल, तेव्हा सांगतो.’’ बागायतदाराने मारलं औषध. डाऊनी काही नव्या रनची वाट बघत नाही.

त्याच ढगाची येवल्यात लोक हात जोडून वाट बघत असतात. लाल कांद्याची रोपं टाकायची आहेत, विहिरीला पाणी नाही. म्हणजे निफाडचा माणूस ज्या ढगाला पुढे हो म्हणतो, तोच पुढे होऊन येवल्यात उतरला तर सगळ्यांचंच भलं. ढग हे ऐकत नाही. तो दोघांना थोडा थोडा देतो. निफाडची बाग बिघडवण्यापुरता आणि येवल्याची धूळ बसण्यापुरता.

पण नाशिककरांचा खरा हवामानशास्त्रीय पराक्रम याहून वेगळा आहे. आपलं पीक, आपलं धरण, आपली विहीर यांसाठी पाऊस मागणारी माणसं जगभर सापडतील. ऑगस्ट सरल्यावर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या दुसऱ्या गावच्या धरणासाठी कळवळून पाऊस मागणारे लोक फक्त आमच्याकडे आहेत. ‘‘पैठणला पडला का?’’ हा प्रश्न सप्टेंबरात गंगापूर रोडला जितक्या काकुळतीने विचारला जातो तितका प्रत्यक्ष पैठणलाही विचारत नसतील.

हे मराठवाड्यावरचं प्रेम नव्हे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी. आपलं गंगापूर धरण साडेपाचच्या आसपास. म्हणजे जायकवाडीच्या एका नाथसागरात तेरा-चौदा गंगापूर बसतात. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशापासून हिशेब असा आहे, की 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असलं तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं. 2023 मध्ये ही वेळ आली. 8.603 टीएमसीचा आदेश निघाला. गंगापूर समूहाच्या वाट्याला अर्धा टीएमसी, दारणा समूहाच्या 2.643, बाकी मुळा-निळवंड्याकडून. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पाणी गेलं. तहानलेले तिकडेही लोकच आहेत हे कट्ट्यावर सगळ्यांना मान्य असतं. फक्त ते मान्य करायची तारीख 15 ऑक्टोबरच्या आधीची असते.

2023 पासून कट्ट्यावरचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर काका दर सप्टेंबरात खिशात कॅल्क्युलेटर घेऊन फिरतात. गोदावरीला पूर आला की बाकीचं गाव दुतोंड्या मारुतीकडे धावतं. गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, छातीला लागलं. सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवतात, भांडी बाजारात आवराआवर सुरू होते. काका तिकडे फिरकत नाहीत. त्यांना फक्त नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे जाणारा विसर्ग हवा असतो. एक लाख क्युसेकने एक दिवस पाणी गेलं तर 8.64 टीएमसी होतात. म्हणजे एका दिवसाच्या पुरात 2023 ची आख्खी उधारी फिटते. लोकांचा संसार ओट्यावर आलेला असताना काकांच्या चेहऱ्यावर कर्ज फेडल्याचं समाधान असतं. तरी त्यांची मनोमन इच्छा अशी, की पाऊस आपल्या धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडावा, जायकवाडी परस्पर भरावं, गंगापूर शंभर टक्के राहावं, होळकर पुलाखाली पाणी शोभेपुरतं असावं, आणि निफाडच्या बागांवर ढगसुद्धा नको. एवढं सहा किलोमीटरच्या चौकोनात बसवता आलं तर काका हवामान खात्याला शंभरपैकी सत्तर गुण द्यायला तयार आहेत.

2024 च्या सप्टेंबरात जायकवाडी भरलं, दरवाजे उघडले. कट्ट्यावर चहा झाला, विंडीवाल्याने हे आपण जूनमध्येच सांगितलं होतं असं सांगितलं, पंचांगवाल्यांनी वाहनाचं नाव घेतलं. इंजिनिअर काका मात्र कॅल्क्युलेटर घेऊन बाजूला बसले होते.

‘‘काय झालं काका? आता ऑक्टोबरात कुणी मागणार नाही.’’

‘‘बघ की, किती टीएमसी गेलं नांदूरमधमेश्वरवरून. सगळं आपलं पाणी.’’

‘‘पण जायकवाडी भरावं असं तुम्हीच म्हणत होता ना?’’

‘‘भरावं म्हणालो होतो,’’ काका म्हणाले. ‘‘आपल्या पाण्याने भरावं असं कोण म्हणालं?’’