गुन्हेगारी वाढल्याची जाणीव : लक्षणे, मोजमाप आणि उपाय

गुन्हेगारी आणि गुन्हेगारी वाढल्याची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची नोंद पोलीस ठाण्यात होते, दुसरीची सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पहिली एखाद्या वर्षी वाढते, एखाद्या वर्षी घटते. दुसरीला घटण्याची सवय नाही. 'आपल्याकडं चोऱ्या कमी झाल्यात, बरं का' हे वाक्य पुण्याच्या कोणत्याही जिन्यात, पार्किंगमध्ये वा वार्षिक सभेत अद्याप उच्चारले गेलेले नाही.

या जाणिवेचा उगम बहुधा चपलेत असतो. दाराबाहेरच्या रॅकवरून सकाळी एक जोड गायब होतो. ग्रुपवरचा पहिला निरोप 'कोणाकडे चुकून गेली का?' असा सभ्य असतो. नऊपर्यंत बी विंगला दोन वर्षांपूर्वी गेलेली सायकल आठवते, अकरापर्यंत तिसऱ्या मजल्यावरची दुधाची पिशवी त्यात मिळते आणि दुपारच्या चहाला 'टोळी' हा शब्द येतो. टोळी म्हणजे ज्यांना कोणीही पाहिलेले नाही, पण जे चार-पाच जण होते हे सर्वांना ठाऊक असते, अशांचा समूह.

चपलेबाबत कायदा थंड आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत पाच हजार रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरते. ठाण्यात तिची एन.सी. होते आणि कागदाची एक प्रत घेऊन अनवाणी घरी यावे लागते. चोर सापडला, त्याची ती पहिलीच वेळ ठरली आणि त्याने माल परत केला, तर भारतीय न्याय संहितेनुसार त्याला समाजसेवेची शिक्षा होते. सोसायटीच्या कमिटीवर वीस वर्षे काढलेल्यांना समाजसेवा ही शिक्षा असल्याचे लगेच पटते. आपला गुन्हा कोणता होता, तेवढे त्यांना आठवत नाही.

जाणिवेची दुसरी पायरी गळ्यापाशी येते. पहाटेचा फेरफटका, दुचाकीवरचे दोघे, पत्ता विचारण्याचे निमित्त आणि मागे बसलेल्याचा हात. जुन्या दंड संहितेत साखळी हिसकावण्याला स्वतंत्र कलम नव्हते, त्यामुळे ही चोरी की जबरी चोरी यावर खल होई. नव्या संहितेने कलम 304 मध्ये हिसकावण्याला हक्काची जागा आणि तीन वर्षांपर्यंतची कैद दिली. पुढे 2025 साली सोने तोळ्याला लाखापलीकडे गेले. खरे मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये गेले आणि गळ्यात तुळशीबागेतले आले. आता चोराला कलम सोन्याचे लागते, हाती माल मात्र तुळशीबागेचा येतो. या फसवणुकीची तक्रार त्याने कोठे करावी, याची तरतूद कायद्यात नाही.

तिसरी पायरी कोयत्याची. ऊस तोडणे आणि शहाळे सोलणे ही या अवजाराची परंपरागत कामे. 2022 च्या अखेरीस पुण्यात पोरसवदा मुलांनी ते रस्त्यावर फिरवायला सुरुवात केली आणि 'कोयता गँग' हा शब्दप्रयोग रूढ झाला. 2023 च्या आरंभी शहर पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राची नोंद ठेवायला सांगितले. त्यामुळे ज्यांना फक्त ऊस तोडायचा होता ते ओळखपत्र घेऊन दुकानात गेले; इतरांनी आपापली सोय केली.

ही भीती हवेतली नाही. येरवडा, बिबवेवाडी अशा भागांत रात्रीतून ओळीने गाड्या फोडल्या गेल्या आहेत, आणि ज्याच्या रिक्षाची काच फुटते त्याचा दुसऱ्या दिवशीचा धंदा बुडतो. मात्र असा प्रकार वस्तीत घडला, की त्याचे नाव 'त्यांची आपसांतली भांडणं' असते. तोच प्रकार कुंपण ओलांडून झाकलेल्या पार्किंगपर्यंत आला, की त्याचे नाव 'कायदा-सुव्यवस्था' होते. गुन्हेगारी वाढल्याची तारीख म्हणजे बहुतेकदा ती कुंपणापाशी पोहोचल्याची तारीख.

आता मोजमाप. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम खबर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात 12 नोव्हेंबर 2013 रोजी दिला. तक्रारदाराची वाक्यरचना मात्र न्यायालयाच्या कक्षेबाहेर राहिली. 'मोबाईल चोरीला गेला' हे वाक्य टेबलाच्या अलीकडून निघते आणि पलीकडे कागदावर उतरेपर्यंत 'मोबाईल गहाळ झाला' असे होऊ शकते. चोरीला चोर शोधावा लागतो. गहाळ होण्याला वेंधळा मालक पुरतो, आणि तो समोरच बसलेला असतो.

देशाचा हिशेब राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ठेवतो. ही संस्था 1986 ची. वार्षिक अहवालाची परंपरा 1953 पासूनची. एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील, तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजायचा, अशी या अहवालाची रीत आहे. घर फोडून, ऐवज लुटून खून केला, तर खून एक; घरफोडी आणि लूट आकड्यांतून निवृत्त होतात. नोंदलेले गुन्हे वाढले म्हणजे गुन्हे वाढले असे नव्हे, असा इशाराही हा विभाग स्वतःच देतो. तक्रारी नेमाने नोंदवणारे ठाणे त्यामुळे कागदावर बदनाम होते आणि तक्रारदाराला चहा पाजून परत पाठवणारे ठाणे शांततेचे बेट ठरते. शिवाय 2023 चे आकडे छापून यायला 2025 उजाडले. सोसायटीचा ग्रुप याबाबतीत फार पुढे आहे. तेथे सकाळची चोरी दुपारी चित्रफितीसह पोहोचते; फीत दुसऱ्या राज्यातली आणि सहा वर्षांपूर्वीची असते, एवढाच फरक.

या मोजमापाला तुलनेसाठी एक जुना काळ लागतो, आणि तो 'पूर्वी' या नावाने उपलब्ध आहे. पूर्वी पुण्यात दाराला कडी लावत नसत. पूर्वी बायका रात्री नाटक सुटल्यावर चालत घरी येत. आणि आणीबाणीत तर कशी शिस्त होती! यातील 'पूर्वी'ची नेमकी तारीख काढणे कठीण आहे. पेशवाईत शोधावी, तर शहराच्या रक्षणासाठी नेमलेल्या घाशीराम कोतवालालाच लोकांनी 1791 मध्ये दगडांनी ठेचून मारले, कारण कोठडीत डांबलेली माणसे गुदमरून मेली होती. आणीबाणीत शोधावी, तर जोशी-अभ्यंकर हत्याकांडाची मालिका जानेवारी 1976 मध्ये, म्हणजे ऐन शिस्तीत, सुरू झाली आणि मार्च 1977 पर्यंत दहा जणांचे जीव घेऊन गेली. त्या दिवसांत संध्याकाळी सातलाच पुण्यातल्या वाड्यांची दारे लागत. दाराला कडी न लावण्याचा काळ असलाच, तर तो या दोन तारखांच्या मध्ये कोठेतरी घाईत उरकला असावा.

त्या हत्याकांडातील एक तपशील जाणिवेच्या अभ्यासात सहसा गाळला जातो. मारेकरी परगावची टोळी नव्हते. ते टिळक रस्त्यावरच्या चित्रकला महाविद्यालयातले विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला होता. चौघांना 1983 साली येरवड्यात फाशी झाली. गुन्हेगार चांगल्या घरातला निघाला, तर जाणीव त्याला 'अपवाद' म्हणते. बाहेरचा निघाला, तर त्याला 'प्रमाण' म्हणते.

म्हणून संशयितांची यादी गुन्ह्याच्या आधीच तयार असते. तिच्यात पहिले नाव वॉचमनचे. बारा तासांची पाळी, जिन्याखालची खुर्ची आणि किमान वेतनाच्या आसपास घुटमळणारा पगार, एवढ्यावर तो दोनशे घरांची राखण करतो. आणि काही हरवले की दोनशे घरे मिळून त्याची राखण करतात. दुसरे नाव कामवाल्या मावशींचे. घराची किल्ली त्यांच्याकडे असते हा त्यांच्यावरील विश्वासाचा पुरावा असतो, आणि चोरी झाल्यावर तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होतो. त्यानंतर भंगारवाला, सामान पोहोचवणारी मुले आणि शेवटी भाड्याने राहणारे बॅचलर. भाडेकरूंची माहिती ठाण्यात देणे घरमालकावर बंधनकारक असते. मालकाची माहिती भाडेकरूला देणे कोणावरही बंधनकारक नाही.

उपायांचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम तातडीची सभा बोलावली जाते. तिला गणसंख्या पुरत नाही. अर्धा तास थांबून त्याच सभेला कायदेशीर मानले जाते आणि पहिला तास पार्किंगवर जातो. मग कॅमेरे बसतात. कॅमेरा हा गुन्ह्याच्या वेळी सोडून सर्व वेळी चालू असणारा यंत्रप्रकार होय. त्या रात्री डीव्हीआर भरलेला असतो, वायर उंदराने कुरतडलेली असते किंवा चित्रात फक्त एक टोपी दिसते. त्यानंतर खिडक्यांना जाळ्या लागतात. चोर आत येऊ शकत नाही आणि आग लागल्यास रहिवासी बाहेर जाऊ शकत नाही, अशी संपूर्ण सुरक्षितता साधली जाते. शेवटचा उपाय म्हणजे फाटकावरचे रजिस्टर. नाव, गाव, कोणाकडे, किती वाजता, सही. या रजिस्टरात आजवर अनेक राष्ट्रपुरुषांनी सह्या केल्या असून, त्यांतील बहुतेक जण पिझ्झा घेऊन आले होते.

खेड्यांत कुंपण नसते, म्हणून तेथे जाणीव आकाशाकडे पाहते. 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडी दौंड, शिरूर, बारामती या पट्ट्यात आणि नंतर मराठवाड्यात रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले. चोर वरून घरे टिपून ठेवतात, ही बातमी ड्रोनपेक्षा वेगाने उडाली. गावोगाव काठ्या घेऊन गस्ती सुरू झाल्या. विहिरीचा पंप रात्रीतून नेणारा चोर जमिनीवरूनच येत राहिला. सगळे वर पाहत असल्याने त्याची बरीच सोय झाली.

येथे विनोदाची हद्द संपते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षुक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असा निरोप मोबाईलवरून सगळीकडे पोहोचला होता. मुले पळवली गेल्याची तक्रार नव्हती. वाढल्याची जाणीव मात्र पूर्ण होती. त्या दिवशी गावात गुन्हेगारी खरोखर वाढली. ती जागरूक लोकांनी वाढवली.

जाणिवेला काही गोष्टी मुळीच दिसत नाहीत, त्यांची नोंद करणे आवश्यक आहे. चौथ्या मजल्यावरून रात्री भांडी आपटल्याचा आणि मग एका बाईच्या रडण्याचा आवाज येतो, तेव्हा दूरचित्रवाणीचा आवाज वाढवला जातो. देशात महिलांवरील गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा पती व सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा आहे. ग्रुपवर त्याला 'घरगुती मामला' म्हणतात आणि ॲडमिन त्यावर चर्चा करू देत नाहीत. 19 मे 2024 रोजी पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. बाल न्याय मंडळाने जामिनाबरोबर त्याला अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देश हळहळला. सोसायट्यांच्या पार्किंगमधून मिसरूड न फुटलेली मुले वडिलांच्या गाड्या काढत राहिली, आणि वॉचमनने त्यांना फाटक उघडून सलाम केला.

सर्वांत मोठा ऐवज तर फाटकातून जातच नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही. तरीही निवृत्त अधिकारी आणि प्राध्यापक व्हिडिओ कॉलवरच्या बनावट पोलिसासमोर दिवसदिवस बसून आयुष्यभराची पुंजी स्वतःच्या बोटाने पाठवून देतात. तक्रारीसाठी 1930 हा क्रमांक आहे. पहिल्या तासांत फोन केला तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. पण या चोरीत खाली कोणी आलेले नसते, कॅमेऱ्यात टोपी नसते आणि वॉचमनलाही काढता येत नाही. त्यामुळे ती ग्रुपवर येत नाही. पुंजी गमावलेले गृहस्थ त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला आत सोडल्याबद्दल वॉचमनला फैलावर घेताना दिसतात.

आणखी एक नोंद. 27 जून 2023 रोजी सकाळी सदाशिव पेठेत एका तरुणीच्या मागे कोयता घेऊन एक जण धावला. पेठ जागी होती आणि रस्त्यावर माणसे होती. वार अडवायला जे पुढे झाले, त्यांत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी परगावाहून पुण्यात आलेला तरुण होता. म्हणजे सोसायटीच्या यादीत शेवटी येतो तो: बाहेरचा आणि बॅचलर. त्याचे नंतर सत्कार झाले. बॅचलरांना फ्लॅट न देण्याचे ठराव रद्द झाल्याचे ऐकिवात नाही.

गुन्हेगारी वाढल्याची जाणीव साधारण तीन आठवडे टिकते. मग पाण्याचा टँकर उशिरा येतो आणि ग्रुप त्या विषयाकडे वळतो. मागे उरतात जाळ्या, एक बदललेला वॉचमन आणि फाटकावरचे रजिस्टर. त्यात येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि वेळ लिहिलेली असते. रहिवाशांची नोंद त्यात करण्याची पद्धत नाही.