मधल्या जोडीचे मालक

पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंच्या बोटींवर शनिवारी रात्री पोकरच्या टेबलाजवळ जरा वेळ थांबा, जोडीवाले आपोआप ओळखू येतात. आंबोलीचा घाट उतरून आलेले असतात, इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याची डबी. दोन पत्ते पुढ्यात आले की ते उचलत नाहीत. तळहाताचा आडोसा करून अंगठ्याने कोपरा जेमतेम वर करतात. आधी एका अठ्ठीची वरची वाटी दिसते, मग दुसरीची. लगेच शर्टाची कॉलर नीट होते, पाण्याचा घोट घेतला जातो आणि चेहऱ्यावर ‘काही नाही हो, असंच’ असा भाव येतो. शेजारच्या चौघांना कळतं, जोडी आली.

एक्के किंवा राजे आले तर जोडीवाले बिचकतात, कारण तिथे चुकलं तर लोक हसतील. दुर्री-तिर्रीच्या जोडीला ते मोजत नाहीत. त्यांचा सगळा जीव सत्ती ते दश्शी या टापूत. फेकवत नाही आणि पेलवतही नाही, असा हा माल. शिवाय योग असा की तो यांच्या हाती येतो तेव्हा हे हमखास लहान ब्लाइंडला बसलेले असतात, म्हणजे डीलरच्या बटणाला लागून डावीकडे, पत्ते बघण्याआधीच थोडे पैसे लावावे लागतात त्या जागी. होल्डेम पोकरमध्ये मधले तीन पत्ते, म्हणजे फ्लॉप, उघडल्यापासून शेवटपर्यंत दर फेरीला पहिलं बोलायचं ते या जागेने. बाकीचे ऐकून ठरवणार. जमिनीच्या व्यवहारात आधी आकडा बोलला तो बुडाला, हे जोडीवाल्यांना पक्कं ठाऊक. स्वतःचा प्लॉट विकताना त्यांनी गिऱ्हाइकाला दोन तास चहा पाजला, पण तोंडातून आकडा काढला नाही. हेच गृहस्थ अठ्ठ्या हातात असल्या की टेबलावर सगळ्यांच्या आधी बोलतात, तेही ठणठणीत आवाजात.

दोष संस्कारांचा आहे. जोडीवाले वाढले ते दिवाळीच्या आणि गणपतीच्या जागरणांतल्या तीन पत्तीवर. तिथे जोडी आली की माणूस छाती काढून बसतो, आणि ते बरोबरच आहे. तीन पत्तीत 100पैकी 74 हातांत साधी जोडीसुद्धा नसते. होल्डेममध्ये मात्र हातात दोन, टेबलावर पाच, आणि ते पाच सगळ्यांचे. अठ्ठ्या हातात असताना पहिल्या तीन पत्त्यांत अठ्ठीहून मोठं काहीतरी उघडण्याची शक्यता 87 टक्के. जोडीवाल्यांना हा आकडा पाठ आहे. उरलेल्या 13 टक्क्यांवर त्यांची श्रद्धा आहे.

एक डाव बघाच. ब्लाइंड 100-200चे. पलीकडून पहिल्याच माणसाने 800 केले. टोपी घातलेल्या पोराने मागून तेवढेच लावले. जोडीवाले म्हणाले, “तिसरी अठ्ठी लागते का बघू, लागली तर सगळ्यांना झोपवतो.” आता हातातल्या जोडीची तिसरी बहीण फ्लॉपवर येते साधारण साडेआठ वेळांत एकदा. म्हणून घातलेल्या पैशांच्या निदान दहा-पंधरापट तरी समोरच्याकडे शिल्लक असावेत, नाहीतर तिसरी लागून मिळवायचं काय? समोरच्याकडे उरले होते चार हजार. पण जोडीवाल्यांचा हिशेब निराळा. “आज सात वेळा आली नाही. म्हणजे आता तिचीच पाळी.” पत्त्यांना मागचं काही आठवत नाही, हे त्यांना कोण सांगणार? हे सांगायला गेलेला माणूस मी पाहिला आहे. त्याला पुढचा तासभर जोडीवाल्यांच्या पाणीपुरवठा खात्यातल्या संख्याशास्त्रावर व्याख्यान ऐकावं लागलं.

फ्लॉप उघडला: इस्पिक राजा, बदाम गुलाम, किलवर पंजी. अठ्ठीचा पत्ता नाही. बोलायचं पहिलं यांनीच. मुकाट चेक करावं तर घाबरल्यासारखं दिसतं. म्हणून जोडीवाले 600 पुढे सरकवतात आणि शेजाऱ्याच्या कानात सांगतात, “नुसतं विचारून बघतोय, आपण कुठे आहोत ते.” पैसे मोजून विचारलेला प्रश्न, उत्तरही रोख मिळतं. पहिला माणूस दोन हजार करतो. टोपीवाला पोरगा क्षणभर थांबून पत्ते टाकतो. आता प्रश्नाचं उत्तर मिळालं, प्रकरण मिटलं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण जोडीवाल्यांना उत्तर पटत नाही. “हा दाखवतोय राजा, पण राजा असता तर इतकं जोरात बोलला असता का?” म्हणजे हळू बोलला तर राजा नाही, आणि जोरात बोलला तरी नाही. कॉल. पुढच्या पत्त्यावर समोरच्याने उरलेले सगळे लोटले, यांनी तेही मानले. त्याने राजा दाखवला, सोबत एक्का. जोडीवाले म्हणाले, “होता वाटतं.”

त्यांची पोथी आहे 2003ची. त्या साली लास वेगासच्या हॉर्सशू कॅसिनोतल्या पोकरच्या स्पर्धेत टेनेसीतला एक अकाउंटंट, ख्रिस मनीमेकर, 838 खेळाडूंना मागे टाकून 25 लाख डॉलर घेऊन गेला. त्या स्पर्धेत त्याने अठ्ठ्यांच्या जोडीवर उंबेर्तो ब्रेनेसच्या एक्क्यांची जोडी मोडली. टर्नवर, म्हणजे चौथ्या पत्त्यावर, अठ्ठी आली. ही कथा जोडीवाले दर बैठकीला सांगतात, मात्र त्या वेळी गड्डीतल्या दोनच पत्त्यांच्या हाती त्याचा जीव होता, हा तपशील वगळून.

ऑगस्ट 2025च्या कायद्याने मोबाइलवरचा पैशांचा पोकर बंद झाला, तेव्हापासून मधल्या आठवड्यांत ते भाच्याच्या घरी बिनपैशांच्या चिप्सवर खेळतात. भाचा सॉल्व्हर नावाच्या प्रोग्रॅमवर शिकलेला. तो परोपरीने सांगतो, “मामा, लहान ब्लाइंडला बसलात की एकतर वाढवा नाहीतर टाका, नुसतं कॉल करून अडकू नका.” मामा मान डोलावतात, “शंभर टक्के” म्हणतात आणि कॉल करतात.

एकदाच त्यांनी ऐकलं. अठ्ठ्या आल्या, भाच्याकडे बघितलं, जड हाताने टाकल्या. फ्लॉपवर आलं राजा, अठ्ठी, तिर्री. जोडीवाले खुर्चीवरून उठले, गॅलरीत जाऊन बहिणीला हाक मारली, “ताई, तुझ्या मुलाने मला काय करायला लावलं बघ!” ताईंना पोकर कळत नाही, पण त्या भाच्यावर रागावल्या. आता त्या डावाची तारीख जोडीवाल्यांना पाठ आहे, आणि त्यानंतर हातात आलेली सत्तीची जोडीही त्यांनी टाकलेली नाही.