पोर्चमधले अप्पा

अप्पांच्या पोर्चमधली जीप चार चाकांवर उभी दिसली तर समजावं, अप्पा घरी नाहीत. ते घरी असले की जीप लोखंडी घोड्यांवर असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. पोस्टमन, गॅसवाला, गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं, सगळे त्या पायांशीच बोलतात. पायही उत्तर देतात. वर्गणीच्या वेळी तेवढे ते आत ओढले जातात.

नाशकात गाड्यांचा कारखानाच आहे, त्यामुळे सुटीच्या दिवशी गाडी उघडून बसणारा माणूस इथे नवलाचा नाही. पण अप्पांची सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली. हाताला ग्रीस लागलं ते निवृत्तीनंतर, आणि आता ते साबणाला दाद देत नाही. त्यांचं एकच तत्त्व: मिस्त्री लुटतात. लेबरचे दोन हजार वाचवण्यासाठी अप्पा सहा हजारांची हत्यारं आणतात आणि हिशेबाच्या वहीत ‘बचत 2000’ अशी नोंद करतात. हत्यारं भांडवली खर्चात जातात. आयुष्यभर हिशेब केलेल्या माणसाशी यावर वाद घालू नये.

जीप जुनी. विलीजच्या ज्या गाड्या महिंद्रानं 1949च्या सुमारास मुंबईत जोडायला घेतल्या, त्यांच्या वंशातली. मागच्या ॲक्सलच्या पोटात क्राऊन-पिनियनची जोडी असते. पिनियनला 8 दाते, क्राऊनला 43. म्हणजे रेशो 5.38. प्रॉपेलर शाफ्टचे सव्वापाचाहून जास्त फेरे होतात तेव्हा कुठे चाक एकदा फिरतं. नांगरटीच्या शेतात आणि घाटात याला तोड नाही, पण हायवेला साठाच्या पुढे इंजिन कोकलायला लागतं. अप्पांना मुंबईला जायचं होतं. म्हणजे जायचं असं नव्हतं, पण कधी जायचं झालंच तर ऐंशीनं जाता यायला हवं होतं. म्हणून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून 39 आणि 8 दात्यांची जोडी आली. रेशो 4.88. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. अप्पांनी भिंग लावून नंबर जुळवले. काकू म्हणाल्या, “आपली पत्रिका बघताना एवढं बघितलं नव्हतं हो!”

उघडणं सोपं असतं. उघडण्यात अप्पांचा हात धरणारा कोणी नाही. जुळवणं हा खरा खेळ. पिनियन किती आत बसवायचा ते शिम ठरवतात. शिम म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. मग दात्यांना रंग फासून क्राऊन फिरवायचा आणि ठसा कुठे उमटतो ते पाहायचं. अप्पांकडे तो खास रंग नव्हता. त्यांनी मारुतीचा शेंदूर तेलात कालवला. हसू नका, जुने मिस्त्रीही हेच करायचे. शनिवारी सकाळी अप्पा जुन्या टूथब्रशनं एकेका दात्याला शेंदूर लावत होते आणि समोरून जाणाऱ्या एका आजींनी चप्पल काढून नमस्कार केला. अप्पांनी तो स्वीकारला.

ठसा दात्याच्या मधोमध, लांबट उमटला तर जमलं. शेंड्याकडे सरकला तर पिनियन लांब पडलाय, शिम वाढवायची. मुळाशी गेला तर काढायची. दर वेळी बेअरिंगचा कप ठोकून काढायचा, शिम बदलायची, कप परत ठोकायचा, आणि पुन्हा शेंदूर. जाणकार मिस्त्री या चाचणीसाठी एखादं जुनं बेअरिंग घासून सैल करून ठेवतात, म्हणजे ते हातानं निघतं. अप्पांनी ही युक्ती ऐकली, पटली आणि अमलातही आणली. फक्त घासलं ते नवं बेअरिंग.

दात्यांमधला प्ले 0.15 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास ठेवायचा असतो. “अंगठ्याला कळतं,” असं अप्पा सोमवारी म्हणाले. बुधवारी डायल गेज आला. भांडवली खर्च. पिनियनची बेअरिंगं किती आवळली आहेत ते मोजायला फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्यानं ओढतात. काटा भंगारवाल्यानं दिला आणि भाडं म्हणून कोपऱ्यात पडलेली जुनी 43-8ची जोडी त्याच काट्यावर तोलून नेली. अप्पांना सौदा फायद्याचा वाटला.

झाकण लागलं, नव्वद नंबरचं ऑइल भरलं, नारळ फुटला. नवी जोडी सुरुवातीला हळू चालवून थंड होऊ द्यायची असते; अप्पांनी कॉलनीतच इतक्या फेऱ्या मारल्या की वॉचमन हजेरी घ्यायला लागला. आवाज येत नव्हता. हे मान्य केलंच पाहिजे, कारण भल्याभल्या गॅरेजांतून निघालेला क्राऊन रडत बाहेर येतो. अप्पांचा गप्प होता.

मग नाशकातल्याच द्वारका भागातला एक म्हातारा मिस्त्री सहज चहाला आला. खाली वाकून पाहत म्हणाला, “झकास बसवलंय अप्पा. पुढचा कधी बदललात?”

पुढचा बदलला नव्हता. एकच जोडी घेतली होती, काटकसर म्हणून. फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो एकच लागतो. नाहीतर फोर टाकला की पुढची चाकं एक वेग मागतात, मागची दुसरा, आणि मधल्या मधे ट्रान्स्फर केस भरडून निघते. अप्पांनी फोर व्हीलचा दांडा सुतळीनं बांधून टाकला. त्या पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्यालगत भाताच्या खाचरात जीप रुतली. ओढायला ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरवाला मागचं ‘4×4’ मोठ्यानं वाचत होता.

स्पीडोमीटरची वायर ट्रान्स्फर केसमधून निघते. स्पीडोमीटरला मागच्या बदलाचा पत्ताच नाही. काटा पन्नास दाखवतो तेव्हा गाडी पंचावन्ननं जात असते. अप्पांना हे फार आवडलं. वेग जास्त आणि काटा सभ्य, म्हणून काकूही निवांत.

एवढ्यावर भागलं असतं. पण दिवाळीला अप्पांनी टायर घेतले, 31 इंची, रुबाबासाठी. आधीचे साधारण 28 इंचांचे होते. शेजारची आठवीतली मुलगी त्रैराशिकाचा अभ्यास करत होती, तिला अप्पांनी हौसेनं हे गणित घातलं. तिनं वहीत मांडलं आणि विचारलं, “अप्पा आजोबा, टायरनं दहा टक्के वाढतात आणि दात्यांनीही दहाच. मग नुसते टायर बदलले असते तरी चाललं असतं ना?”

अप्पांनी वही दोनदा तपासली. हिशेब खात्याची सवय.

आता दोन्ही मिळून वीस टक्क्यांच्या वर गेलंय. कसारा घाटात जीप टॉपमध्ये चढेना, तिसऱ्यात कण्हते, आणि मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देतो. मिस्त्रीचं मत सरळ आहे: मोठे टायर राहू द्या, मागे जुनी 43-8 घाला. पुढे तीच आहे, म्हणजे फोर व्हीलही चालू होईल. अप्पांनाही पटलंय. जीप पुन्हा घोड्यांवर चढलीये, झाकण निघालंय, शेंदूर कालवलेला आहे. इतका आनंदी माणूस मी सबंध नाशकात दुसरा पाहिला नाही. भंगारवाल्यानं मात्र ती जोडी केव्हाच पुढे विकली.

तेव्हा वाचकांपैकी कुणाकडे जुन्या जीपच्या मागच्या ॲक्सलची 43-8ची जोडी पडून असेल तर कळवा. दोन्हींवर एकच नंबर आहे ना, तेवढं पाहून घ्या. आणि भाव सांगताना बसवण्याची मजुरी धरू नका. बसवायला अप्पा कुणाला देणार नाहीत.